पाच गोलांचा अभिप्राय

हॉटेल बोनात्सा, क्रेस बेट
२७ मे

तिहोमामा,

नमस्कार शेवटी करते, आधी रडून घेते.

दिवसभर पडद्याकडे बघून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालंय, म्हणून हे हातानं लिहितेय. अक्षर लावून वाच. मी इथे किल्ल्या देते, बिलं करते, मोरी तुंबली की प्लंबरलाही मीच बोलावते, हे तुला ठाऊक आहे. त्यात धाकट्या मालकांनी, म्हणजे देनीनं, नवं काम लावून दिलंय. पाहुणे निघाले की त्यांच्या फोनवर प्रश्नावली जाणार. खोली कशी वाटली, जेवण कसं वाटलं, इंटरनेट कसं वाटलं. एका कंपनीकडून तयार साचा घेतलाय. साचा चालतो. पण तो म्हणे "आपला दिसला पाहिजे".

"आपला दिसणं" म्हणजे काय ते ऐक. मथळ्याला निळा रंग हवा. मी दिला. "हा बँकेचा निळा झाला, नेविया." दुसरा दिला. "हा औषधाच्या दुकानाचा." मग कुठला हवा? "समुद्राचा." मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "हा?" "हा नको, आज ढग आहेत." नऊ निळे झाले, मामा. नवव्यानंतर मी गुपचूप पहिला परत लावला, तर म्हणतो, "बघ, मनावर घेतलं की जमतं तुला."

हॉटेलच्या चिन्हातला सीगल पक्षी संगणकावर सीगल दिसतो, फोनवर चेपून त्याचं बदक होतं. देनीला आवडलेल्या अक्षरवळणात आपली टोपीवाली अक्षरंच (č, š, ž) नाहीत, तिथे रिकामे चौकोन येतात. बटण नारिंगी आहे आणि ते बदलायला वरच्या दर्जाची वर्गणी घ्यावी लागते. आणि सगळ्यात छळ उत्तरांचा. पाच तारे आहेत, प्रत्येकाखाली शब्द. 'अत्यंत असमाधानी'पासून 'अत्यंत समाधानी'पर्यंत. फोनच्या रुंदीत ते मावत नाहीत. एका टोकाला 'अत्यंत अस' उरतं आणि दुसऱ्या टोकाला 'अत्यंत सम'.

पंधरा जूनला चेक पाहुण्यांची पहिली बस येते. तोवर हे सुंदर झालं पाहिजे. पानांच्या छापील प्रती सोबत जोडल्यात. आपल्या खानदानात शब्दांचं शिक्षण घेतलेला तू एकटा आहेस, काहीतरी कर.

तुझी नेविया

—

झाग्रेब
४ जून

चिरंजीव नेविया,

तुझा ग्रंथ परिशिष्टांसह पोचला. तुमच्या छपाईयंत्रात फक्त काळी शाई असल्याने तुझे निळे मला करडे दिसले. त्यातला चौथा करडा मला विशेष समुद्रासारखा वाटला, तेवढे देनीच्या कानावर घाल.

सतरा वर्षे विद्यापीठात संस्कृत शिकवून नंतर अनुवादावर पोट भरणाऱ्या माणसाकडे हॉटेलची प्रश्नावली यावी, हा माझ्या विद्येचा उतार की चढ, यावर मी सकाळभर विचार केला. मग लाल पेन्सिल घेतली. पाने परत पाठवत आहे. सारांश असा.

तारे काढ. तुमच्या दारावरच्या सरकारी पाटीवर तीन आहेत. तीन ताऱ्यांतून आत गेलेल्या माणसाला बाहेर पडताना पाच दाखवणे हे शिष्टाचाराला धरून नाही.

विशेषणे काढ. एकामागून एक पाच विशेषणे, सगळी लग्नाच्या वऱ्हाडासारखी सजलेली, आणि दारात मावत नाहीत म्हणून पाय कापलेली. आमच्या शास्त्रात सूत्र असे असावे लागते की त्यातून अर्धी मात्रासुद्धा कमी करता येऊ नये. तेव्हा पाच गोल काढ आणि त्यांत आकडे घाल, एक ते पाच. वर, खाली, बाजूला काही नको. शाळेत गेलेल्या कोणालाही ते कळतात. पाच आणणाऱ्या पोराला आइस्क्रीम मिळते, आणि एक आणणारा पोर जिन्यातच बूट काढून चोरपावलांनी घरात शिरतो. यावर भाष्य लागत नाही. मी स्वतः इतके 'एक' वाटले आहेत की अजून काही जण मला रस्त्यात ओळख दाखवत नाहीत.

बटण नारिंगीच राहू दे. जगात काहीतरी नारिंगी हवेच.

तुझा मामा

—

हॉटेल बोनात्सा
८ जुलै

तिहोमामा,

तुझे गोल फार देखणे झाले. देनी चक्क खूष झाला. "आता कसं, महागडं दिसतंय," म्हणाला. बदकाचं पुन्हा सीगलही झालं. पण हे पत्र त्यासाठी नाही.

चार बसगाड्या येऊन गेल्या, सगळे चेक, बरेचसे दरवर्षीचेच. आकडे आले. खोल्या १.६. स्वच्छता १.४. जेवण १.३. मामा, एक पूर्णांक तीन! आणि इंटरनेट, जे फक्त जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर लागतं, तेही उभं राहिलं तरच, त्याला ४.४. देनीनं हौसेनं आणलेल्या, भुकटीपासून संत्र्याचा रस करणाऱ्या यंत्राला ४.६.

देनी आकडे घेऊन नाचत आला. "बघितलंस? लोकांना नवं हवंय. फुमित्सामावशीचं ते कोकरू आणि बटाटा-पालेभाजी आता कोण खातंय?" मी म्हटलं, "सगळे खातात, दुसऱ्यांदा मागतात." तर म्हणाला, "तोंडावर मागतात गं. इथे बघ, मनातलं."

त्यानं ठरवलंय. पुढच्या हंगामापासून रियेकाहून झाकणबंद थाळ्यांतलं तयार जेवण येणार, आणि मावशीला वसंतात बोलवायचं नाही. तिला हे सप्टेंबरअखेर सांगायचं, तोवर मी तोंड उघडायचं नाही. मामा, बावीस हंगाम तिनं या स्वयंपाकघरात काढलेत. पेन्शनला दोनच कमी पडतात. एकोणसाठाव्या वर्षी तिला या बेटावर दुसरं कोण ठेवून घेणार?

आणि हेच लोक निघताना तिच्या गळ्यात पडतात. एका गृहस्थांनी तर तिच्या हाताचं चुंबन घेतलं. मग बसमध्ये बसून 'एक' दाबला. चीड येते मला. तू प्रागला राहिलायस ना? कसले लोक आहेत हे?

नेविया

—

झाग्रेब
१५ जुलै

चिरंजीव नेविया,

होय, प्रागला मी दोन हिवाळे संस्कृत शिकलो आणि एक हिवाळा शेगडी पेटवायला शिकलो. चेक माणूस मी आतून ओळखतो, म्हणून हा प्रश्न विचारायला तू योग्य दारात आली आहेस.

चेक माणूस समोर कधी नाराजी दाखवत नाही. वाढलेले सगळे खातो, आभार मानतो, आणि खरे मत घरी नेतो. माझी घरमालकीण रोज माझ्या अभ्यासाचे कौतुक करी. मी खोली सोडल्यावर कळले की तिने शेजारणींना मी भिंतीशी बोलतो असे सांगितले होते. तुझ्या फुमित्साबाईंच्या बाबतीत हेच झाले आहे. मिठी हा पूर्वपक्ष आणि आकडा हा सिद्धान्त. कोरा गोल समोर आला की माणूस खरे बोलतो. माझ्या आराखड्याने ते बोलते केले, याचे थोडे श्रेय मी घेतो.

आता कटू भाग. ईस्टरला मी तिथे आलो होतो, तेव्हा कोकरू मला किंचित खारट लागले होते. बोललो नाही. वय झाले की जीभ आधी थकते, आणि ते स्वयंपाक्याला सगळ्यात शेवटी कळते. तेव्हा देनीचे ऐकून गप्प बसू नकोस, बाईंना सांग. अजून अडीच महिने आहेत. त्यांनी हात सुधारला, आकडा वर गेला, तर देनीला शब्द मागे घ्यावा लागेल. लपवून ठेवणे हे मात्र त्यांना खड्ड्याच्या काठावर उभे करून हवापाण्याच्या गप्पा मारण्यासारखे आहे.

तुझा मामा

—

हॉटेल बोनात्सा
१९ ऑगस्ट

मामा,

सांगितलं. तू म्हणालास तसं सगळं, मिठाचंही.

ती पातेलं पुसत होती. पुसतच राहिली. म्हणाली, "एक? मला?" मी म्हटलं, "सरासरी, मावशी. एक पूर्णांक तीन." "ते पूर्णांक तुझ्याजवळ ठेव. शाळेत असतानासुद्धा मला कधी एक मिळाला नव्हता, आणि मी तर चौथीतच शाळा सोडली."

त्या दिवसापासून ती मीठ केकच्या काट्यावर तोलून घालते. लसूण बंद केलाय. कोकरू उकडून, त्यावर पांढरा सॉस. जेवणाच्या वेळी ती बाहेर येत नाही. लोक विचारतात, मी सांगते, तिला जरा बरं नाही. मला ते जेवण घशाखाली उतरत नाही, पण मी कोण? माझं मत कुणी गोलात मागितलेलं नाही.

आणि तुझं खरं ठरलं, मामा. आकडा हललाय. जुलैअखेर १.९ होता, आज २.४ आहे. मी धावत जाऊन तिला सांगितलं. तिनं तोंड वर केलं नाही. म्हणाली, "म्हणजे अजून कमी करायला हवं." आणि चिमटीतलं होतं तेही मीठ परत डब्यात टाकलं.

देनी म्हणतो, तीनच्या वर गेला तर विचार करेन. जेमतेम दीड महिना उरलाय.

नेविया

—

हॉटेल बोनात्सा
१० सप्टेंबर

मामा,

बसून वाच.

काल ब्लाहोवाबाई निघाल्या. ओलोमोउत्सजवळच्या कुठल्याशा गावातल्या, निवृत्त शिक्षिका, चौदा वर्षं सप्टेंबरात येतात. त्यांना फोनवरचं बारीक दिसत नाही, म्हणून टेबलावरच्या टॅबवर त्यांनी माझ्यासमोरच प्रश्नावली भरायला घेतली. जेवणापाशी आल्या, थांबल्या, उसासा टाकला आणि तीन दाबला.

मला इतकं बरं वाटलं. "तीन! आभारी आहे हं बाई, मावशी फार मेहनत घेतेय."

त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागल्या. "चेष्टा करतेस का गं पोरी? मला देताना वाईट वाटतंय. बाई आजारी आहे म्हणून तीन. नाहीतर या उकडलेल्या कोकराला मी चार देणार होते."

"चार दिले असते तर किती छान झालं असतं!"

"छान? गेल्या वर्षी हे गोल असते तर मी डोळे मिटून एक दिला असता."

"एक?" माझा आवाज चढला. "चौदा वर्षं जेवलात आणि एक?"

"मग काय पाच देऊ?" त्यांचाही चढला. "सदतीस वर्षं शिकवलंय मी. माझ्या वर्गात एक मिळवायला पोरं रात्र-रात्र पाठ करायची. आणि पाच मी शेवटचा कुणाला दिला तेही मला आठवतंय, हजेरीपटात बेडूक दाबला होता त्यानं." मग त्यांनी माझ्यादेखत इंटरनेटला पाच दाबला, बोट रोवून. "हा पाच बघ, हा मनापासून दिलाय. आणि तो रसही चाखलाय मी, थांब."

त्यांच्या शाळेत एक हा अव्वल आणि पाच म्हणजे नापास, मामा. सगळे चेक. सगळा उन्हाळा. स्वयंपाक बिघडत गेला तसा आकडा वर चढत गेला, आणि मी तो चढला म्हणून धावत सांगायला जायचे.

मी स्वयंपाकघरात गेले. ती काट्यावर मीठ तोलत होती. सगळं सांगितलं. ती बटाट्याच्या खोक्यावर बसली. म्हणाली, "म्हणजे दोन महिने मी त्या चांगल्या माणसांना धुवणाचं पाणी जेवायला घातलं." मी म्हटलं, "मावशी, आकडे उलटे होते." "आकडे उलटे होते, ते कळलं. अकरा वर्षं तू माझ्या हातचं खातेस. तुझी जीभ कुणी उलटी केली होती?"

याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

आणि देनी ऐकायला तयार नाही. म्हणजे त्याच्या यंत्राला सगळ्यांनी नापास केलं, हे त्याला कसं पचणार? म्हणतो, "एक म्हातारी काय बोलली त्यावर मी चालू? जूनमधले लोक काय समजून दाबत होते याचा पुरावा आण." रियेकावाल्यांशी महिनाअखेर करार आहे. मी पुरावा कुठून आणू, मामा? वर-खाली-बाजूला काही लिहू नको म्हणून तूच सांगितलं होतंस ना?

नेविया

—

झाग्रेब
१६ सप्टेंबर

नेविया,

पुरावा सोबत जोडला आहे. ती माझ्या प्रागच्या गुणपुस्तिकेची प्रत आहे. सातव्या ओळीत पाहा: संस्कृत, तोंडी परीक्षा, तारीख, प्राध्यापकांची सही, आकडा एक आणि त्यापुढे त्यांच्याच अक्षरात 'उत्कृष्ट'. खाली शारीरिक शिक्षणापुढे तीन आहे, त्यावर देनीने बोलू नये.

हे पुस्तक बत्तीस वर्षे माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या 'एक'च्या आनंदात मी प्रागच्या पुलावर मोठ्याने काहीबाही म्हणत चाललो होतो. आयुष्यात मला मिळालेला तो सगळ्यात मोठा गुण. आणि तू आकडे कळवलेस तेव्हा मी तुला चेक माणसाच्या अंतःकरणावर प्रवचन दिले. खण उघडला नाही. झाग्रेबला परत येऊन इतकी वर्षे मी स्वतःच पाच ते एक वाटत राहिलो, की ज्या मापाने मला मोजले होते ते मी विसरलो. विसरलो हेही पूर्ण खरे नाही. सिद्धान्त इतका सुबक जमला होता की त्याला धक्का लावावासा वाटला नाही.

दुसरे. ईस्टरला कोकरू खारट नव्हते. मी तीनदा घेतले होते, हे तुलाही आठवत असेल. तुझे १.३ वाचले आणि माझ्या जिभेला मागाहून मीठ लागले. हे मी फुमित्साबाईंना वेगळ्या पत्रात लिहिले आहे. ते तू वाचू नकोस, नुसते दे.

जिभेच्या त्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडे नाही.

तिहोमीर

—

हॉटेल बोनात्सा
३ ऑक्टोबर

मामा,

देनीनं तुझी गुणपुस्तिका उजेडात धरून बघितली, उलटी करून बघितली, मग विचारलं, "तुझा मामा खरंच हुशार होता, की तिकडे सगळ्यांनाच एक देत?" मी म्हटलं, शारीरिक शिक्षणाची ओळ बघ. तेव्हा पटलं. हळूच जाऊन त्या यंत्राची वायर काढून आला.

अठ्ठावीस तारखेला त्यानं मावशीला कचेरीत बोलावलं. मीही होते. दोन हंगामांचा करार समोर ठेवून गोड आवाजात म्हणाला, "मावशी, झालं गेलं विसरून जा. माझ्याकडून तुम्हाला पाच."

ती उभीच होती. "चेक पाच की आपला?"

देनी लालबुंद झाला. "आपला, मावशी, आपला."

"लिहून दे."

त्यानं कराराच्या खाली 'पाच, आपला' असं लिहून सही केली. तिनं ते दोनदा वाचलं आणि मग स्वतःची सही केली. पेन्शनचं नक्की झालं, मामा. रियेकावाल्यांना नकार गेला. तुझं पत्र तिनं तिथेच वाचलं, एप्रनच्या खिशात घातलं आणि म्हणाली, "या माणसाला सांग, पुढच्या ईस्टरला ये." तू सुटलास.

गोल मी काढून टाकले. आता शब्द आहेत, चेकमध्ये ब्लाहोवाबाईंनी पत्रानं पाठवलेले, जर्मन आणि इटालियन दुसऱ्यांकडून तपासून घेतलेले. फोनवर मावत नाहीत. एकाखाली एक लावलेत, खूप वर सरकवावं लागतं, दिसायला वाण्याच्या यादीसारखं दिसतं. देनी म्हणतो, कुरूप आहे. मी म्हटलं, असू दे.

सकाळी दहाला आम्ही कामावरचे सगळे स्वयंपाकघरात मावशीच्या टेबलाशी मरेंदा खातो. पाव, चीज, आदल्या दिवसाचं काहीबाही, आणि तिच्या शिव्या. परवापासून माझी जागा तिथे नाही. माझं ताट ती बाहेर पाहुण्यांच्या दालनात मांडते, खिडकीजवळ. पांढरा कपडा, घडीचा रुमाल, काटा डावीकडे. काल मी ताट उचलून आत घेऊन गेले, तर तिनं माझ्या हातातून घेतलं आणि परत बाहेर नेऊन ठेवलं. रागावली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आज लसूण घातलेलं कोकरू होतं. पहिल्यासारखंच. मी एकटी बसून सगळं खाल्लं. ती आली, हात पोटाशी धरून टेबलापाशी उभी राहिली आणि विचारलं, "आवडलं का तुम्हाला?"

'तुम्हाला' म्हणाली, मामा.

नेविया